अंगठीतला खडा कुठला, हे कुणी सांगायचं

अन्याय झाला तो पिंजौरहून रोज बसनं चंदीगडला येणाऱ्या एका मुलीवर. वय तेवीस. काम, दागिन्यांच्या दुकानात हिऱ्याच्या अंगठ्यांच्या काउंटरवर उभं राहणं. केव्हा झाला, तर माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्याआधीच्या मंगळवारी, संध्याकाळी चार पन्नासला. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण तेव्हा मी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. बघण्यासारखं समोर बरंच काही घडत होतं. मी घड्याळाकडे बघत होते.

कोण कोण होतं ते आधी सांगते. माझी मावसबहीण, जिला मी ताई म्हणते, इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात भूल देणारी डॉक्टर आहे. आम्ही दोघी परभणीच्या, इथे एकाच भाड्याच्या घरात राहतो. तिचं लग्न ठरलं तो जळगावचा, मोहालीत एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याला मी लग्नाआधीपासूनच दाजी म्हणते. दाजीची आई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना काकू म्हणायचं. मी स्वतः इथे कायदा शिकायला आले आणि दुकानांत काम करणाऱ्या मुलींच्या एका लहानशा संघटनेत रमले. सेक्टर ३४ मध्ये कोचिंग क्लासेसच्या गर्दीत, एका झेरॉक्सवाल्याच्या वर आमची खोली आहे. तिथे मी पत्रकं लिहिते. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मुलींना बसू द्या, नेमणुकीचं पत्र हातात द्या, जेवायला अर्धा तास सोडा. अशी.

म्हणजे त्या मंगळवारी, त्या दुकानात, त्या मुलीच्या बाजूनं बोलायला माझ्याइतकं लायक माणूस दुसरं कुणी नव्हतं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

अंगठी निवडायला आम्ही तीन आठवडे आधी गेलो होतो. ताई, दाजी आणि मी. काकू तेव्हा जळगावलाच होत्या. ताईचं म्हणणं सरळ होतं. दिवसातून वीसदा हातमोजे घालायचे आणि काढायचे, तेव्हा अंगठीनं मोजा फाटता कामा नये. मी म्हटलं होतं, मग अंगठीच कशाला, साधं वळं घाल. त्यावर ती म्हणाली, "तू तुझ्या साखरपुड्याला पत्रक वाट." विषय तिथे मिटला.

काउंटरवर ती मुलगी होती. काळा कोट, केस मागे घट्ट बांधलेले, बोटात स्वतःची एकही अंगठी नाही. तिनं आधी विचारलं, "फोटो लाए हो?" कारण आता सगळे फोटो घेऊनच येतात. कॅनडातल्या बहिणीनं पाठवलेला, इन्स्टावर बघितलेला, कुणा मैत्रिणीच्या हाताचा. ताईनं फोटो आणला नव्हता. मुलीला बरं वाटलेलं दिसलं. "शुकर है जी," ती म्हणाली, आणि ट्रे काढायला लागली.

तासाभरात मला हिऱ्यांच्या अंगठ्यांचं सध्याचं राजकारण कळलं. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत गोल खडा, पांढरं सोनं, उंच बैठक, हेच चालायचं. आता गोल खडा "आंटीवाला" झालाय. मुलींना लांबट हवा, अंड्यासारखा, कारण त्यानं बोट लांब दिसतं. त्याहून पुढच्यांना तो लांबट खडा आडवा बसवून हवा. काहींना एकाच अंगठीत दोन वेगळ्या आकाराचे खडे, शेजारी शेजारी, नवरा-बायकोसारखे. काहींना खड्याच्या खाली, वरून दिसणार नाही अशी बारीक हिऱ्यांची रांग. "किसी को दिखेगी नहीं तो लगवानी क्यों?" मी विचारलं. मुलगी म्हणाली, "दीदी, उसको पता होगा ना, कि है." पिवळं सोनं परत आलंय, रुंद पट्टी परत आलीय. आणि या सगळ्याच्या खाली एक मोठा बदल आहे, तो म्हणजे खडा आता बहुतेकदा लॅबमध्ये वाढवलेला असतो. खाणीतून न काढता यंत्रात वाढवलेला हिरा. काच नाही, नकली नाही, हिराच. किंमत कितीतरी कमी, म्हणून आकार मोठा घेता येतो, आणि मोठ्या आकारामुळे ही सगळी नवी डिझाइनं परवडायला लागली. फक्त परत विकायला गेलात तर फारसं काही मिळत नाही. हे शेवटचं वाक्य त्या मुलीनं कुणी न विचारता सांगितलं होतं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

मग तिनं आपली ओढणीची परीक्षा दाखवली. कोटाच्या आत तिची झिरझिरीत ओढणी होती. अंगठी घातलेला हात तीवरून फिरवायचा. धागा अडकला तर अंगठी रोजच्या वापराला नालायक. खड्याला वरून धरणारे बारीक काटे असतात ना, ते धाग्यात अडकतात. ताईनं तीन अंगठ्या फिरवल्या, तिन्ही अडकल्या. मग ताईनं पर्समधून आपले हातमोजे काढले आणि चौथ्या अंगठीवरून फर्रकन चढवले. दुकानातले लोक बघायला लागले. चौथीला काटेच नव्हते. खड्याच्या चहूबाजूंनी सोन्याची सलग कड होती, खडा त्या कडेत बुडालेला, बैठक चपटी. मोजा सरकन गेला, सरकन आला.

"बस," ताई म्हणाली. "ही."

मुलगी हसायला लागली. "मॅडम, एक जोड़ी ग्लव्ज़ मुझे दे जाओ. नर्सें बहुत आती हैं, सबको यही दिखाऊँगी." ताईनं दिले. ते मुलीनं ट्रेखालच्या खणात नीट घडी करून ठेवले. मग तिनं स्पष्ट विचारलं, "स्टोन लैब का चलेगा ना?" आणि दाजी म्हणाला, "लैब का ही चाहिए." हे सगळ्यांनी ऐकलं. तिनं ते पावतीपुस्तकात लिहिलं, आमच्यासमोर, आणि आमच्याकडे फिरवून दाखवलं. अंगठी मुलाकडच्यांनी द्यायची असते, म्हणून पावती काकूंच्या नावानं करायला सांगितली.

बाहेर पडून आम्ही कोपऱ्यावरच्या गाडीवर मोमो खाल्ले. तिथे दाजी म्हणाला, "आईला लॅबचं नको सांगायला यार. तिला लॅब म्हटलं की रक्त-लघवीच आठवते."

ताई एवढी हसली की तिच्या प्लेटमधली चटणी सांडली. मग म्हणाली, "अरे पण विचारलं तर?"

"विचारणार कोण? हिरा म्हणजे हिरा. हिरा तर आहेच ना?"

"हां, ते आहेच."

मी काही बोलले नाही. माझ्या तोंडात मोमो होता. हे कारण म्हणून मी पुढे बरेच दिवस वापरलं.

आता यातली चूक बघा. तिघांनी मिळून ठरवलं की एका माणसाला खरं सांगायचं नाही. पण ते खरं ज्या चौथ्या माणसाच्या तोंडात होतं, त्या काउंटरवरच्या मुलीला हे सांगायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. तिला विचारलं असतं तर ती नाहीसुद्धा म्हणाली असती, ही गोष्ट वेगळी. पण सुचलंच नाही. ट्रेला कुणी सूचना देतं का?

साखरपुड्याच्या आठवड्यात काकू आल्या. दाजीचे वडील आणि बाकीचे नातेवाईक शुक्रवारी पोचणार होते. मंगळवारी अंगठी तयार झाल्याचा फोन आला, आणि काकू म्हणाल्या, मी देणार आहे तर मी येणार. आम्ही चौघं गेलो.

दुकानाच्या मालकानं पेढे मागवले. मुलीनं डबी उघडून काकूंसमोर ठेवली. काकूंनी चष्मा लावला, अंगठी फिरवून बघितली, डबीतलं कार्डही काढून बघितलं. चांगली दिसत होती अंगठी. काकू म्हणाल्या, "छान आहे. खडा केवढा मोठा!" मग मान वर करून हिंदीत विचारलं, "ये असली है ना? खान का?"

दाजी पेढा उचलत होता. ताई पर्सची चेन लावत होती.

"हीरा असली है आंटी जी," मुलगी म्हणाली. "लैब ग्रोन है. कार्ड पे भी लिखा है, ये देखो."

काकू म्हणाल्या, "लैब?"

तेवढंच. आवाजही चढवला नाही. पण दाजीचे कान लाल झाले. मी त्याला दीड वर्षं ओळखते. भला माणूस आहे. माझ्या आजारपणात त्यानं दोन वेळा खिचडी आणून दिलीय. त्या भल्या माणसानं पेढा खाली ठेवला आणि मालकाकडे वळून इंग्रजीमिश्रित हिंदीत म्हणाला, "एक मिनट. हमको तो नैचुरल बोला गया था."

"किसने बोला?" मालकानं विचारलं.

दाजीनं बोटानं दाखवलं.

मुलगी म्हणाली, "सर, मैंने तो..." आणि ताईकडे बघितलं. "मॅडम, आप बताओ ना. आपके सामने लिखा था."

ताई म्हणाली, "मला... मुझे ठीक से याद नहीं."

मग ती मुलगी माझ्याकडे वळली. तेव्हा चार पन्नास झाले होते.

शेजारच्या काउंटरवर एक लग्नघर बसलं होतं, आठ-दहा माणसं. ती सगळी आता आमच्याकडे बघत होती. मालकाला त्या आठ-दहा माणसांची काळजी होती, आणि ती त्यानं फार पटकन घेतली. मुलीला म्हणाला, "लैब का माल नैचुरल बोल के बेचती है? मेरी दुकान में? कल से मत आना. आज ही मत रुक." आमच्या पावतीची प्रत त्याच्याच पावतीपुस्तकात होती, तीत लॅब असं लिहिलेलं होतं. त्यानं ती काढून बघितली नाही. मग काकूंना म्हणाला, दुसरा खडा बसवून देतो, पण खाणीतला एवढा मोठा या किमतीत मिळणार नाही आणि रविवारच्या साखरपुड्यापर्यंत होणार नाही. काकू म्हणाल्या, "राहू दे आता. हीच द्या."

मुलीनं कोट काढला, घडी केला, काउंटरवर ठेवला. आतली ओढणी नीट केली. रडली वगैरे नाही. दारापाशी जाऊन परत आली, ट्रेखालचा खण उघडून हातमोजे काढले आणि ताईसमोर ठेवले. "ये आपके," म्हणाली.

 गाडीत काकूंनी एसी कमी करायला सांगितला.

बुधवारी दुपारी मी सेक्टर ४३ च्या स्टँडवरून पिंजौरची बस धरली. पत्ता दुकानातल्या दुसऱ्या एका मुलीनं दिला. ती आमच्या पत्रकांची वाचक होती, म्हणून दिला. देताना म्हणाली, "आप भी थीं ना वहाँ?" मी हो म्हटलं. 

घर कालका रस्त्यावरच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या मागे. आईनं दार उघडलं, मी नाव सांगितलं नाही, दुकानातली आहे म्हटलं, चहा आला. मुलगी समोर बसली. मी तिची माफी मागायला लागले तर म्हणाली, "दीदी, टाइम मत खराब करो. मेरी बात सुनो."

तिचं म्हणणं असं. तिनं सहा महिन्यांचा हिरे ओळखायचा कोर्स केला होता. तिला दुसरं काम येत नाही असं नाही, पण हेच काम तिला चांगलं येतं आणि हेच करायचं आहे. पंचकुल्यात एक दुकान उघडतंय, तिथे तिचं आधीपासूनच जवळजवळ ठरलं होतं. पण या धंद्यात कामावर घेताना आधीच्या मालकाला फोन करून विचारतात. चोरीचा आळ आला असता तर एकवेळ चाललं असतं, पोलिसात जाऊन खरं-खोटं झालं असतं. लॅबचा खडा खाणीतला सांगून विकला, ही गोष्ट एकदा लागली की लागली. मग तिला कुणी खड्यांजवळ उभं करत नाही.

"मुझे चिट्ठी चाहिए," ती म्हणाली. "कि लड़की ने सच बताया था. सोमवार को पंचकुला वाले को दिखानी है. और आपकी नहीं. जिनके नाम पे बिल है, उनकी. बिल पे तो लैब लिखा है, पर लोग बोलेंगे मुँह से नैचुरल बोला."

"माझी का नको? मी होते तिथे."

"आप तो थीं," ती म्हणाली. आईनं कप उचलले.

निघताना मी विचारलं, तिनं काकूंना खरं का सांगितलं. मूर्ख प्रश्न होता. ती म्हणाली, सरांनीच, म्हणजे मालकानंच, सांगून ठेवलंय, विचारलं तर खरं सांगायचं. "पहले बोल देते ना आप लोग, तो मैं आंटी को सर के पास भेज देती. मैं कुछ बोलती ही नहीं." म्हणजे आमचं खोटं निभावून न्यायचीही तिच्याकडे रीतसर पद्धत होती. आम्ही तेवढंही विचारलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ताई ड्यूटीवरून आली. मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

"हे काय?"

"चिठ्ठी. ती मुलगी खरं बोलली, एवढंच लिहायचं. एक ओळ. आणि काकूंची सही घ्यायची."

ताई खाली बसली. तिचे डोळे लाल होते. "लिहिते ना मी. रविवार होऊ दे."

"सोमवारी तिला दाखवायचीय."

"मग रविवारी संध्याकाळी लिहिते."

"आत्ता लिही."

तिनं लिहिलं. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, डॉक्टर असूनही. मी वाचलं. लिहिलं होतं की काही गैरसमज झाला होता.

"कुणाचा गैरसमज?" मी विचारलं.

"झाला म्हणजे झाला. असंच लिहितात."

"ताई, गैरसमज झाला नव्हता. दाजी खोटं बोलला. तू आठवत नाही म्हणालीस. मी गप्प बसले."

"मग तुझं तू लिही ना ते! छाप आणि वाट चौकात!" ती ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "सासूबाईंसमोर त्याला खोटं पाडू मी? साखरपुड्याआधी? तुला कळतंय का, मला त्या घरात जायचंय."

मला कळत होतं. दाजीला फोन लावला तर तो म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस यार. चंदीगडमध्ये दुकानं काय कमी आहेत? मिळेल तिला. मी ओळखीत विचारतो, पक्का." त्यानं विचारलं नाही. तो विसरला असेल. लग्नघरात माणूस विसरतो.

शनिवारी मी काकूंकडे गेले. पाहुणे फिरायला गेले होते. काकू एकट्या बसून साखरेचा पुडा सजवत होत्या. पुठ्ठ्याचा निमुळता पुडा, त्यावर सोनेरी कागद, त्यावर मोत्यांची माळ. इथे तयार मिळत नाही म्हणून त्या पुठ्ठा जळगावहून कापून घेऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, "ये, हे टोक धर." मी टोक धरलं. आणि त्या डिंक लावत असताना सगळं सांगून टाकलं. मोमोच्या गाडीपासून.

त्यांनी कागद चिकटवला, वरून बोट फिरवलं. "मला माहीत होतं," म्हणाल्या.

"काय?"

"लॅबचा आहे ते. डबीतलं कार्ड मी आधीच वाचलं होतं. इंग्रजी वाचता येतं मला. लॅबचं काय वाईट आहे, आमच्या शेजारणीच्या सुनेचीही तशीच आहे."

"मग विचारलंत कशाला?"

"मी त्याला विचारलं गं. हिंदीत विचारलं, पण बघत होते त्याच्याकडे. म्हटलं, सांगतो का बघू. लहानपणापासून त्याची ही खोड आहे, अवघड असलं की लपवायचं. मी वाट बघत होते तो काय म्हणतो, तर ती पोरगीच मधे उत्तर देऊन मोकळी झाली."

"तिनं द्यायला नको होतं?"

"तिला कोण विचारत होतं?" काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. कात्री कुठे आहे असं विचारावं तसं म्हणाल्या. आणि कात्रीही मागितली.

मी कात्री दिली. चिठ्ठीचं विचारलं. त्यांनी मोत्याची माळ सरळ केली. मग म्हणाल्या, "शाळेत असते तर दिली असती. शाळेत मी कित्येक पोरांच्या बापांना तोंडावर सांगितलंय, तुमचा मुलगा खोटं बोलतो म्हणून. पण स्वतःच्या पोराचं, उद्या साखरपुडा असताना, सहीनिशी लिहून द्यायचं? नाही बाई. ते होणार नाही माझ्याच्यानं." आणि पुडा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बघ, सरळ उभा राहतोय का."

सरळ उभा राहत होता.

दुकानातली माणसं मी तेव्हा मनात मोजली. ताई, दाजी, काकू, मालक, मी. चौघांना खरं माहीत होतं, पाचव्याला पावती काढली की कळलं असतं. सहावी ते बोलली, आणि तिलाच आम्ही बाहेर काढलं. आम्ही पाचांनी मिळून काही ठरवलं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या कारणानं तोंड बंद ठेवलं, आणि प्रत्येकाचं कारण ऐकलं तर पटण्यासारखं आहे. या गोष्टीचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो.

रविवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये साखरपुडा झाला. अंगठी सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. ताईच्या दवाखान्यातल्या एक मराठी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी लेटेस्ट आहे हं. एका आत्याबाईंनी विचारलं, हिरा खरा का? काकू म्हणाल्या, "खराच आहे." ते खोटं नव्हतं. मी श्रीखंड वाढत होते.

सोमवारी मी स्वतःची चिठ्ठी लिहून नेली. हिंदीत, आठ ओळी, खाली सही, पूर्ण नाव. मी त्या दुकानात होते, मुलीनं तीन आठवडे आधी खडा लॅबचा असल्याचं आमच्यासमोर लिहून दाखवलं होतं, मंगळवारी तिच्यावर खोटा आरोप झाला आणि मी गप्प राहिले. लिहिणं चांगलं झालं होतं. पंचकुल्याच्या दुकानाला अजून रंग लागत होता. मुलगी आधीच येऊन उभी होती. नव्या मालकानं चिठ्ठी शांतपणे दोनदा वाचली. सभ्य माणूस होता.

"बिल आपके नाम पे है?"

"नाही. माझ्या बहिणीच्या सासूबाईंच्या."

"तो वो क्यों नहीं आईं?"

मी सांगायला लागले. त्यानं हात वर केला, आणि आमच्यासमोरच जुन्या मालकाला फोन लावला. अर्धा मिनिट बोलणं झालं. फोन ठेवून मुलीला म्हणाला, "बेटा, वो बोल रहे हैं कंप्लेंट थी. मैं नई दुकान खोल रहा हूँ. समझो मेरी बात."

ती समजली. बाहेर येऊन आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. मी म्हटलं, आपण जुन्या मालकाकडे जाऊ, मी तिथे सांगते, संघटना घेऊन जाऊ. ती म्हणाली, "अब?" मग माझी चिठ्ठी घडी करून मला परत दिली. "लिखती अच्छा हो आप," म्हणाली, आणि पिंजौरच्या बसला हात केला.

जुन्या मालकाकडे मी तरीही गेले. दोनदा. पहिल्यांदा तो बाहेरगावी होता, दुसऱ्यांदा त्यानं चहा पाजला आणि सांगितलं की तिच्या जागी दुसरी मुलगी आली आहे. तिला बघून मला कळलं की तीही सगळ्यांना ओढणीची परीक्षा दाखवते. पिंजौरची मुलगी आता सेक्टर ३४ मध्ये एका कोचिंग क्लासच्या प्रवेशाच्या टेबलावर बसते, आमच्या खोलीपासून दोन जिने पुढे. तिथे तिला पोरांच्या आयांना फी समजावून सांगावी लागते. रस्त्यात भेटली की ती नमस्ते म्हणते. ताई रोज ती अंगठी घालून दवाखान्यात जाते, मोजा फाटत नाही. हे मी लिहीत असल्याचं तिला सांगितलं आहे. ती म्हणाली, "लिही. मी वाचणार नाही."

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरी साखरपुडा असेल, लांबट खडा ठरला असेल, आडवा बसवायचा की उभा यावर चर्चा चालू असेल. आज संध्याकाळी दोन्हीकडच्या माणसांना फोन करा आणि तो खडा कुठला आहे ते तुमच्या तोंडानं सांगा. दुकानात जायच्या आधी. ते काम काउंटरपलीकडच्या मुलीवर सोडू नका. आणि तुमच्यासमोर तिला कुणी खोटं पाडत असेल, मग तो तुमचा नवरा असो, मुलगा असो की व्हायचा दाजी, तर तिथेच, मालकासमोर, शेजारच्या लग्नघराला ऐकू जाईल असं म्हणा, "ती खरं बोलतेय, मी ऐकलंय." चिठ्ठी नंतर लिहू, असं मनात आणू नका. तेव्हाच बोला.